मोडीत

मॉस्को. बावीस सालचा फेब्रुवारी.
शेगडी होती, पण ओंडके रोजचे मोजून चार,
म्हणून कोट न उतरवताच आम्ही बसायचो
आणि शाई गोठू नये म्हणून दौत मी काखेत धरायची,
कोंबडीने अंडं धरावं तशी.

माझं काम लिहिण्याचं.
निकानोर साविच सांगे, मी लिही:
हिरा, जुने पैलू, साडेचार कॅरट, किंचित पिवळट.
हिरा, तीन कॅरट, कडेला टवका.
चांदी, मोडीत.
सोनं, मोडीत.
मुकुट हा शब्द त्या वहीत कुठेच नव्हता.

पेट्यांना आतून जांभळी मखमल,
आणि मखमलीत खळगे. हाराचा, कंठ्याचा, डुलांचा,
माणूस पहाटे उठून गेल्यावर
उशीवर डोक्याचा राहतो तसे.
रिकाम्या पेट्या पहारेकरी नेत. त्यांत तंबाखू चांगला राहतो म्हणे.

निकानोर साविच सत्तरीला टेकलेला.
पीटर्सबर्गला एका कारखान्याच्या मागच्या अंगणात
वयाच्या बाराव्या वर्षापासून कोंदणं बसवत आलेला.
आता चिमटा तोच, भिंग तेच,
फक्त हात उलटे चालवायचे.
"अकरा महिने लागले होते ह्याला," एकदा म्हणाला,
आणि जेवणाच्या घंटेआधी ते काम उरकलं.

मी विचारलं, कोणी घातला होता?
"कोण जाणे. आमच्याकडे गळ्याचं माप यायचं,
गाठ मारलेला दोरा. गळा कधी आला नाही.
एक दोरा फार आखूड होता.
बाई आजारी असेल, असं आम्ही आपापसात बोललो."

गुरुवारी ते फूल निघालं.
पाच पाकळ्या, मधे वाटाण्याएवढा हिरा,
आणि देठाशी, चांदीच्या आत लपवलेली,
केसासारख्या पोलादाची स्प्रिंग.
घालणारीने श्वास घेतला तरी फुलाने थरथरावं,
मेणबत्त्यांच्या उजेडात.
त्याने ते टेबलावर ठेवलं. बाहेरून लॉरी गेली.
फूल बराच वेळ थांबेचना.

"सात वेळा तार गुंडाळली मी," तो म्हणाला.
"कधी ताठ, कधी ढिली.
शेवटी एका शनिवारी मालकाला न विचारता घरी नेलं,
कडी लावली, आणि फेव्रोन्याच्या सदऱ्याला टाचलं.
ती काळ्या पावाचं पीठ मळत होती.
म्हटलं, थांबू नकोस, मळत राहा.
कोपरापर्यंत पीठ, आणि वर हे असं.
तिला हसू आवरेना, म्हणून मला माप नीट मिळेना.
सोमवारी परत केलं."

फेव्रोन्या एकोणीस साली टायफसने गेली होती.
हे त्याने सांगितलं नाही. कामावर सगळ्यांना ठाऊक होतं.

मग त्याने भिंग डोळ्याला लावलं
आणि नखं एकेक करून उचलली.
हिरा, मधला, पाच कॅरट, निर्दोष.
हिरे, पाकळ्यांचे, एकूण चाळीस.
धान्य निवडावं तसे ते आकाराप्रमाणे लखोट्यांत गेले,
लखोटे कुठे गेले ते मी लिहिलं नाही.
"आणि ही तार?" मी विचारलं.
"तार. वजन नाही," तो म्हणाला,
आणि केराच्या डब्यापाशी हात नेऊन
तसाच परत आणला.

दारात रोज झडती. हातमोजे, बुटांच्या शिवणी,
निकानोर साविचची दाढीसुद्धा.
माझी दौत मात्र ते बघत नसत,
काखेतल्या बाटलीला हात लावायला तो पोरगा लाजायचा.

दुसऱ्या दिवशी त्याने टेबलाखाली वाकून
डबा चाळला, फळ्यांमधली फट चाकूने उकरून पाहिली.
मी मान खाली घालून लिहीत राहिले.
त्यानंतर तीन आठवडे तो येत होता.
तीन आठवडे पुष्कळ झाले, एक वाक्य बोलायला.

शाईने गंजली आहे. एक वेढा आखडला.
काल पीठ मळताना सुईदोऱ्याने
सदऱ्याला लावून पाहिली.
हलते अजून.
थोडी डावीकडे जाते.